छडीची वानगी

नत्थुजी माळ्याच्या घराण्यात एक नियम होता. वानगी पाहिल्याशिवाय काही घ्यायचं नाही. टोपलंभर वांगी घ्यायची झाली तरी त्यातलं एक चिरून बघायचं, बैल घ्यायचा तर एक तास मोटेला जुंपून बघायचा. दुर्गाबाईला पाहायला गेले तेव्हा नत्थुजीच्या बापानं तिला पाण्यानं भरलेली घागर उचलायला लावली होती. तिनं एकदम दोन उचलल्या आणि त्यातली एक होणाऱ्या सासऱ्याच्या पायावर ठेवली. लग्न तिथल्या तिथं ठरलं. म्हातारा पुढं मरेपर्यंत लंगडला, पण वानगी खोटी निघाली असं त्यानं कधी म्हटलं नाही.

आता प्रश्न शाळेचा होता.

अमरावतीला वडाळीच्या तळ्याखाली संत्र्याचा बाग नत्थुजी अकरा वर्षं करत होता. बागमालकानं तोंडानं पंधरा वर्षं सांगितली होती आणि कागदावर अकरा लिहिली होती. नत्थुजीनं अंगठा उठवला तो कागदावर. तोंडावर अंगठा उठवायची सोय सरकारनं केलेली नव्हती. अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बाग सोडायचा असं मालकानं कळवलं तेव्हा कुठं त्याला कळलं की कागद आणि तोंड या दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. अकोल्याला मोर्णेच्या काठी उत्तमराव पाटलांनी आपला बाग करायला दिला, बिऱ्हाड हलवायचं ठरलं, आणि नत्थुजीनं जाहीर केलं, "आधी शाळा, मंग सामान. पोट्ट्याले कागद वाचता आला पायजे."

पोट्टं म्हणजे सूर्यभान. वय अकरा, मराठी चौथी पास. बोलणं कमी, पण बोटं अशी की बघत राहावं. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चीर पाडून त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि केळीच्या सोपटानं बांधायचा, हे काम तो करायचा. शंभर डोळे बांधले तर नव्वद फुटायचे. नत्थुजीला स्वतःला ते जमत नसे. त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरापासून वाकडं होतं, चाकूवर ते बसायचंच नाही. लहानपणी मोटेच्या चाकात सापडलं, असं तो सांगायचा. सूर्यभानचे हात होते म्हणून बाग होता, आणि बाग होता म्हणून चूल होती.

शाळा कशी निवडायची याबद्दल नत्थुजीच्या मनात काही शंका नव्हती. संत्र्याला बहार आणायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. ऐन उन्हाळ्यात पाणी तोडायचं, मुळं उघडी पाडायची, पानं कुत्र्याच्या कानासारखी लोंबू द्यायची. झाड मेलं मेलं असं वाटलं की मग पाणी. फुलांनी लदबदून जातं. पोराचंही तसंच. जिथं मार जास्त, तिथं विद्या जास्त. तो स्वतः दुसरीतून शाळा सोडून पळाला होता, आणि आपण शिकलो नाही याचं कारण मार कमी पडला हेच, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

सल्ला द्यायला दोन माणसं आली. एक त्याचा थोरला भाऊ पुंजाराम, अमरावतीतच राहणारा. त्याचं म्हणणं, बिऱ्हाड खुशाल जाऊ द्या, पोट्टं माझ्याकडं राहील, शाळा अमरावतीचीच. दुसरा दुर्गाबाईचा भाऊ खुशालराव. त्याचं अकोल्याच्या बाजारात भाजीचं दुकान. दोघे बागेत जेवायला बसले. भाकरी आणि वांग्याची भाजी. सुरुवात चांगली झाली.

"अमरावतीच्या शाळेत दम हाय, नत्थ्या," पुंजाराम म्हणाला. "आपल्या शालिकरामच्या पोट्ट्याचं नख गेलं तथी. पन तिसाचा पाढा उलटा म्हनते."

"नखच ना?" खुशालराव हसला. "जवाईबापू, आमच्या अकोल्याले महादेवराव हेडमास्तर हायेत. त्यायच्या हातचं एक पोट्टं आठ दिवस पालथं झोपलं. आता कचेरीत कारकून हाय."

"बसते कसं मंग?" नत्थुजीनं विचारलं.

"उभ्यानं लिहिते."

नत्थुजीनं मान डोलावली. वानगी चांगली होती.

पुंजारामला ते लागलं. अमरावतीला कोणी कमी लेखलं की त्याला घरचं कोणी गेल्यासारखं व्हायचं. तो म्हणाला, "अकोल्याचे लोक कापसाचे. तुमच्या मास्तरची छडी बी कापसाचीच असन."

खुशालरावानं हातातला घास ताटात ठेवला. "आन तुमची? तुमची तर..."

तुमची तर काय, हे वऱ्हाडाला कधीच कळलं नाही, कारण पुंजारामनं पितळी लोटा फेकला होता. तो खुशालरावाच्या तोंडावर बसला. एक दात भाजीत पडला. खुशालरावानं तो बाजूला काढून ठेवला, मग उठून पुंजारामला कमरेत धरून उचललं आणि चुलीशेजारच्या दगडावर आपटलं. पुंजारामनं पडल्या पडल्या त्याचा कान दातात धरला. दोघे लोळत लोळत ताटांवरून गेले, उघड्या मुळांच्या आळ्यात पडले, आणि तिथं मातीत एकमेकांची डोकी बडवू लागले. ताणावरच्या झाडाला त्या दिवशी पाणी मिळालं नाही, रक्त मात्र थोडं मिळालं.

नत्थुजी मध्ये पडला तर त्याच्या पोटात लाथ बसली. कोणाची ते सांगता येणार नाही. तो खाली बसून राहिला.

दुर्गाबाई विहिरीवर होती. ती मोटेचा नाडा हातात घेऊन आली आणि तिनं दोघांना सारखाच मारला, भाऊ कोण आणि थोरला दीर कोण असा भेद केला नाही. पाचव्या फटक्याला कान सुटला.

"मेल्याहो! माह्या पोट्ट्याची शाळा हाय का तुमचा आखाडा?" ती ओरडली. "दोन्ही शाळा मी सोता पाहून येतो. आता तोंडं धुवा. आन दात कुठी हाय तो उचला, कोंबडी गिळन."

सूर्यभान पलीकडं रोपांत बसला होता. त्यानं या सगळ्या वेळात सात डोळे बांधले.

अमरावतीच्या शाळेची वानगी घेणं सोपं होतं. दुर्गाबाईनं मागच्या बहारातली उरलेली संत्री टोपल्यात घेतली आणि सूर्यभानला घेऊन तिघं शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहिले. पोराला एक संत्रं द्यायचं आणि त्याबदल्यात त्याचा तळहात बघायचा, असा नत्थुजीचा बेत. पोरं एकदम खूश. रांग लागली. नत्थुजी एकेक हात उलटा-सुलटा करून, अंगठ्यानं दाबून बघत होता.

"मऊ हाय," तो दुर्गाबाईला म्हणाला. "फिक्का माल. दादा उगीच बोंबलते."

एकच हात थोडा सुजलेला निघाला, पण त्या पोराला गांधीलमाशी चावली होती.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरून ते अकोल्याला उतरले. महादेवराव हेडमास्तरांची शाळा नदीपलीकडं होती. तिघं फाटकाशी पोचले तेव्हा मधली सुट्टी झाली. इथं पोरं आरडाओरडा न करता बाहेर आली, शेळ्या पाण्यावर येतात तशी. नत्थुजीला ते आवडलं. त्यानं पहिला हात धरला आणि त्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं. तळहातावर आडवे चार वळ, निळे-काळे, एकाशेजारी एक, अगदी चांगल्या नांगरटीसारखे सरळ. दुसरा हात तसाच, तिसऱ्याला तर वळांवर वळ होते.

"हे पाह्य," तो दुर्गाबाईला म्हणाला. "याले म्हंतेत काम."

दुर्गाबाईचं लक्ष दुसरीकडं होतं. एक बारकं पोर संत्रं घेऊन तिच्यापुढं उभं होतं. ते खात नव्हतं, जातही नव्हतं.

"काहून रे? खात काहून नाई?"

"सोलता येत नाही," पोर म्हणालं.

तिनं त्याची बोटं बघितली. ती मिटत नव्हती. तिनं संत्रं सोललं, फोडी वेगळ्या केल्या आणि त्याच्या तोंडात एकेक घातली. त्यानं खाल्ल्या. मग घंटा झाली तसं ते पळालं. सूर्यभाननं हे सगळं बघितलं आणि आपले दोन्ही हात सदऱ्याखाली घातले.

"चाला," नत्थुजी म्हणाला. "हीच घेऊ. पन आधी वानगी."

"पाह्यली ना वानगी?"

"हे लोकायच्या हातावरची झाली. आपली पायजे."

महादेवराव हेडमास्तर गोरेपान, ठेंगणे, पगडी घातलेले आणि बोलायला फार गोड होते. मुलांना मारणारी माणसं आडदांड असतात ही समजूत चुकीची आहे. त्यांच्या टेबलाशेजारी पितळी नळकांड्यात तेल लावलेल्या तीन छड्या उभ्या होत्या. एक गणिताची, एक भाषेची, एक वर्तनाची. शेजारच्या मेजावर कारकून नाव लिहायला दौत-टाक घेऊन तयार होता.

"मार कसा हाय तुमच्याकडं?" नत्थुजीनं सरळ विचारलं.

हेडमास्तरांना गहिवरून आलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हा प्रश्न इतक्या आदरानं कोणी विचारला नव्हता. लोक येऊन रडत, नाहीतर लपूनछपून शिव्या देत. "नियमित," ते म्हणाले. "आणि निःपक्षपाती. शुद्धलेखनाला दोन, गणिताला चार, खोटं बोलल्यास सहा. मुलगा हुशार असला तरी सूट नाही."

"वानगी दाखवता का?"

"म्हणजे?"

"माह्या हातावर मारून पाहा. माल पाहून मंग नाव लिहू."

हेडमास्तरांनी दुर्गाबाईकडं पाहिलं. ती टोपलं कमरेवर धरून दारात उभी होती. त्यांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकून छताकडं पाहत होता. मग त्यांनी गणिताची छडी काढली, हवेत एकदा फिरवली. आवाज चांगला आला.

नत्थुजीनं उजवा हात पुढं केला.

पहिली बसली. त्यानं हाताकडं नीट बघितलं. "बरी हाय," तो म्हणाला.

दुसरी बसली. "साल जाड हाय माही. अंमळ जोरात."

तिसरीला त्याच्या डोळ्यात पाणी आलं आणि चेहऱ्यावर समाधान. चौथीला तळहात फाटला, रक्ताचा एक बारीक ओघळ मनगटाकडं निघाला. "हां," तो दाताखालून म्हणाला, "हे झालं. पोट्टं शिकन अथी."

"एक राहिली," हेडमास्तर हसून म्हणाले. "पाच म्हणजे पूर्ण वानगी."

पाचवी थोडी खाली बसली. वाकड्या बोटावर, नेमकी त्या मधल्या पेरावर.

खोलीत एक पोरगं किंचाळलं. "शिकतो गुर्जी! शिकतो! आता चुकत नाई, मारू नोका, शिकतो!"

नत्थुजीनं मागं वळून पाहिलं. सूर्यभान दाराशी उभा होता, त्याचं तोंड मिटलेलं होतं. बाकी खोलीत पोरगं नव्हतं. मग नत्थुजीच्या लक्षात आलं की आवाज आपल्याच घशातून आला होता, आठ वर्षांच्या पोराचा, जसाच्या तसा, पस्तीस वर्षं आत कोंडून ठेवलेला. आणि त्याबरोबर सगळं वर आलं. मोटेचं चाक नव्हतंच कधी. फळ्याजवळचा कोपरा होता, लाकडी रूळ होता, आणि टेबलाच्या काठावर धरून ठेवलेलं एक बोट. तो आवाजही आठवला, वाळलेली काडी मोडल्यासारखा.

छडीला सवय असते. असा आवाज कानावर आला की हेडमास्तरांचा हात आपोआप वर जायचा, वीस वर्षांत तो कधी थांबला नव्हता. आताही तो वर गेला आणि सहावी बसली.

दुर्गाबाईनं आधी टोपल्यातली संत्री भिंतीशी नीट ठेवली. माल नासवायची तिला सवय नव्हती. मग तिनं रिकामं टोपलं हेडमास्तरांच्या पगडीवरून गळ्यापर्यंत घातलं आणि त्यावर मूठ घातली. मणाचं ओझं रोज डोक्यावर वाहणाऱ्या बाईची मूठ ती. टोपल्याचं बूड फुटलं आणि त्यातून हेडमास्तरांचं नाक बाहेर आलं, रक्तासकट. ते टेबलावर पडले. नळकांडं उलटलं. तिनं भाषेची छडी उचलून त्यांच्या पाठीवर मोडली, मग वर्तनाची उचलली, ती चिवट निघाली म्हणून तिनं ती पुरवून पुरवून वापरली. कारकून मध्ये आला, त्याच्या कपाळावर दौत बसली. तो निळा होऊन खाली बसला आणि पुन्हा उठायचा विचार त्यानं केला नाही.

"अवो बाई! अवो... शाळा आहे ही!" टोपल्यातून आवाज आला.

"मले बी दिसते शाळा हाय ते!"

तिनं हेडमास्तरांचा उजवा हात मुरगळून टेबलाच्या काठावर दाबला. अंगठ्याशेजारचं बोट वेगळं धरलं. ते पांढरं पडलं. तिनं ते हळूहळू मागं न्यायला सुरुवात केली.

"सांगा मास्तर, किती वाकते पाहू का हे?"

हेडमास्तर ओरडू लागले. शाळेतले सगळे वर्ग गप्प झाले होते. त्या शांततेत तो ओरडा लांबवर गेला असणार.

"दुर्गे." नत्थुजी तिच्याजवळ आला. त्याच्या हातातून रक्त फरशीवर ठिबकत होतं. "दुर्गे, बोट नोको."

"काहून नोको?"

"नोको म्हंतो ना. दुसरं काई बी मोड."

तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण हा चेहरा तिनं आधी पाहिला नव्हता. तिनं बोट सोडलं. दुसरं काही मोडायचा तिला आता उत्साह राहिला नाही.

बाहेर लिंबाखाली तिघं बसले. दुर्गाबाईनं पदराची चिंधी फाडून नत्थुजीच्या हाताला बांधली. सूर्यभाननं आतून संत्री गोळा करून आणली होती, एकही फुटलेलं नव्हतं. त्यातलं एक त्यानं बापाला दिलं. नत्थुजीनं ते घेतलं, डाव्या हातात फिरवलं, उजव्यानं साल काढायला गेला आणि थांबला.

सूर्यभाननं ते परत घेतलं, सोललं, फोडी केल्या.

"बाबा, मोटेचं चाक कोन्या विहिरीचं होतं?" त्यानं विचारलं.

"चाक नोतं," नत्थुजी म्हणाला. "पाढा होता. सतराचा."

"आता येते?"

"नाई आला रे. बोट गेलं, पन पाढा नाईच आला." त्यानं एक फोड खाल्ली. "अथी नाव लिहायचं नाई. मी नाई म्हंतो. दुसरी पाहू."

दुर्गाबाई उठली. "दुसरी काहून? दुसरीत दुसरा मास्तर असन. त्याले बी मारायचं म्हंजे पुन्हा पयल्यापासून. याचं तर झालं सारं करून." आणि ती परत आत गेली.

नत्थुजीला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. कारकून पोलिसात वर्दी द्यायला निघाला होता आणि हेडमास्तर त्याला विचारत होते, "काय लिहून देणार? कोणी मारलं म्हणून लिहिणार?" कारकुनानं दारातल्या दुर्गाबाईकडं पाहिलं आणि तो पुन्हा बसला. एका माळणीनं हेडमास्तरांना टोपल्यात घालून मारलं हे सरकारी कागदावर आलं असतं तर ते कायमचं राहिलं असतं. कागद आणि तोंड यातला फरक हेडमास्तरांनाही कळत होता.

"पोट्ट्याचं नाव लिहा," दुर्गाबाई म्हणाली. "आन छडी बंद. साऱ्या शाळेची."

"सगळ्या शाळेची कशी बंद होईल, बाई? शाळा चालायची कशी?"

"मंग किती?"

"तुमच्या मुलाची बंद."

"एकट्याची? उद्या ते एकटंच धडधाकट दिसन, सारी पोट्टे त्यालेच मारतीन. अख्खी शाळा."

"तुमचा मुलगा आणि त्याचं बाक."

"हे वांगे हायेत का, मास्तर, चार घ्या म्हनाले? बरं, तुमची बी राहो. पोट्टं ज्या वर्गात, तो वर्ग सारा."

आत खुर्ची सरकली. मग टाक दौतीत बुडाल्याचा आणि कागदावर करकरल्याचा आवाज आला. दौतीत शाई थोडीच उरली होती, नाव फिकट उमटलं. दुर्गाबाईनं ते सूर्यभानला बोलावून वाचून घेतलं, आणि त्याखाली छडीचा करारही लिहून घेतला. तोंडावर विश्वास ठेवायचे तिचे दिवस संपले होते.

अखजीला बिऱ्हाड अकोल्याला आलं. सामानाच्या दोन बैलगाड्या. तिसरी पुंजारामनं दिली, पण सोबत तो स्वतः आला नाही, खुशालराव अकोल्यात भेटेल म्हणून. नत्थुजीचा हात महिनाभरानं बरा झाला. उत्तमराव पाटलांच्या बागेत त्यानं झाडांना ताण दिला, कारण झाडांना तो लागतोच, त्यात त्याची समजूत काही चुकलेली नव्हती. मृगाला बाग फुलला. सूर्यभाननं शाळेतून येऊन रोज वीस-पंचवीस डोळे बांधले, ते बहुतेक फुटले.

हेडमास्तरांनी शब्द पाळला. इंग्रजी पहिलीत, म्हणजे सूर्यभानच्या वर्गात, कोणाला छडी बसली नाही. बाकी सगळ्या वर्गांत नेहमीप्रमाणं बसत राहिली, किंबहुना पहिलीचा वाटाही तिकडंच वळला. वर्षाच्या शेवटी सूर्यभान पास झाला, चाळिसात तेविसावा आला, आणि करार त्याच्याबरोबर दुसरीत गेला. त्या साली आधीपासून दुसरीत असलेली नऊ मुलं नापास होऊन तिथंच राहिली. शाळेत असं पूर्वी कधी घडलं नव्हतं, आणि त्यातल्या एकाच्याही तोंडावर दुःख दिसत नव्हतं. संत्रं सोलता न येणारं ते बारकं पोर त्यांत होतं.

अकोल्याला आल्यावर दुर्गाबाईनंही भावाशेजारी बाजारात भाजीचं दुकान टाकलं होतं, ते तिनं तिथून हलवून शाळेच्या फाटकासमोर मांडलं. खुशालरावानं तिला परोपरीनं समजावलं की तिथं गिऱ्हाईक नाही, सकाळपासून दुपारपर्यंत चार जुड्या खपत नाहीत. ते खरंच होतं. भाजी तिथं खपत नसे. ती रोज तिथंच बसायची, टोपलं उपडं घालून त्यावर हात ठेवून, आणि हेडमास्तर फाटकातून आत जाताना त्या टोपल्याकडं बघायचे नाहीत.